झाडीपट्टीच्या संग्रहालयाचा नकाशा काढण्याआधी : नाट्यनिर्माते आणि गावोगावच्या मंडळांना खुले पत्र

सप्रेम नमस्कार.

धान घरी आलं, शेतातल्या बांध्या मोकळ्या झाल्या की तुमचा हंगाम लागतो. वडशातली, म्हणजे देसाईगंजातली, तुमची कार्यालयं उघडतात, भिंती पोस्टरांनी भरून जातात, गावोगावची मंडळं तारखा धरायला येतात. एकदा मंडईच्या गावजत्रा आणि शंकरपटाच्या बैलशर्यती सुरू झाल्या की तुम्हाला दिवस आणि रात्र वेगळी राहत नाही. म्हणून हे पत्र हंगामाच्या आधीच लिहिते आहे. दोन घटका बसून वाचा, एवढी विनंती.

मला म्हणायचं आहे ते असं : झाडीपट्टी रंगभूमीचं, म्हणजे पूर्व विदर्भातल्या आपल्या नाटकांचं, संग्रहालय आपल्या भागातच झालं पाहिजे, आणि त्याचा नकाशा कागदावर येण्याआधी व्हीलचेअरवरच्या माणसाला सोबत बसवलं पाहिजे. उद्घाटन झाल्यावर त्याला बोलावून उपयोग नाही.

मी देसाईगंज तालुक्यातल्या एका खेड्यात राहते. लहानपणी पोलिओ झाला, तेव्हापासून पायांनी साथ दिली नाही. नाटकाचं वेड मात्र घरातलंच. बाबा गावच्या हौशी मंडळात कामं करायचे. त्यांच्या वहीतले संवाद मला आजही पाठ आहेत. तेव्हा आजूबाजूच्या गावांतून माणसं बंड्या जुंपून नाटकाला यायची. प्रेक्षकांच्या कडेला बंड्या सोडलेल्या असायच्या आणि त्यात तणस अंथरून पोरं झोपवलेली असायची. मी मात्र बंडीत टक्क जागी बसायचे. बाबा म्हणायचे, "बंडीवरून साजरं दिसते, खाली कायले बसवू तुले?" आणि खरंच, माझ्याइतकं चांगलं कोणालाच दिसत नसे. बंडी थेट जागेवर जायची, मला उचलून न्यायची गरज नव्हती, आणि समोर उठून उभं राहणाऱ्याचं डोकं आड येत नव्हतं. माझ्यासाठी कोणी काही खास केलं नव्हतं. नाटकाची मांडणीच अशी होती की तिच्यात मी सहज मावत होते.

आता बंड्या गेल्या. शामियाना आला, खुर्च्या आल्या, आतली दाटी वाढली. मी जाते तेव्हा माझी व्हीलचेअर शामियान्याच्या दारापाशी उभी करतात. "इथून निघायला सोपं जाईल" असं सांगतात. सांगणाऱ्याच्या मनात काळजीच असते. पण पहाटेपर्यंत चालणारं नाटक येण्याजाण्याच्या वाटेवर बसून बघायचं म्हणजे काय, हे तिथे बसल्याशिवाय कळत नाही.

मागे भाच्याला घेऊन एका मोठ्या शहरातलं नाटकाचं संग्रहालय बघायला गेले होते. शहराचं आणि संस्थेचं नाव घेत नाही, कारण मला तक्रार नोंदवायची नाही. तिथे जे बघितलं ते आपल्या कामाचं आहे, म्हणून सांगते. वडशाहून गोंदियाची गाडी, तिथून पुढची गाडी, मग रिक्षा. रात्रीपासून पाणी जवळजवळ प्याले नव्हते. व्हीलचेअर वापरणाऱ्या बाईला प्रवासाला निघताना हे करावंच लागतं, कारण पुढे संडास कसा असेल याचा भरवसा नसतो.

समोरच्या दाराला दगडी पायऱ्या होत्या, रुंद आणि देखण्या. रॅम्प मागच्या बाजूला, सामान उतरवायच्या दाराशी. तो इतका चढा होता की भाच्याने मागून रेटलं आणि रखवालदाराने पुढून ओढलं, तेव्हा कुठे खुर्ची वर गेली. आत पोचल्यावर पहिली भेट जुन्या पडद्यांच्या गुंडाळ्यांशी आणि मोडक्या खुर्च्यांशी झाली. बाकीचे पाहुणे दिव्यांच्या झगमगाटातून आत येतात. माझं संग्रहालय अडगळीच्या खोलीतून सुरू झालं.

नऊवारी नेसवलेल्या पुतळ्याची काचपेटी कमरेइतक्या ओट्यावर होती. मला दिसले साडीचे काठ आणि काचेत पडलेला ट्यूबलाइटचा उजेड. माहितीच्या पाट्या उभ्या माणसाच्या डोळ्यांसमोर लावलेल्या. माझे डोळे जमिनीपासून पावणेचार फुटांवर असतात. भाच्याने सगळ्या पाट्या वाचून दाखवल्या. पण तो माझ्यासाठी भरभर वाचत होता आणि स्वतःसाठी काहीच बघत नव्हता. म्हणजे दोन तिकिटं काढूनही कोणाचंच संग्रहालय धड झालं नाही.

एका उंच फळीवर राजाचा मुकुट ठेवलेला होता. उभा माणूस त्याची वर्खाची सोनेरी बाजू बघून पुढे जातो. मला खालून मुकुटाची आतली बाजू दिसत होती. कागदाच्या लगद्यावर चिकटवलेल्या जुन्या वर्तमानपत्राच्या पट्ट्या, त्यांवरची अर्धीमुर्धी अक्षरं, कपाळाला टोचू नये म्हणून आतून टाचलेली सुती चिंधी आणि त्या चिंधीवर घामाचा तपकिरी डाग. मी भाच्याला माझ्या खुर्चीशेजारी उकिडवं बसून बघायला लावलं. तो कितीतरी वेळ उठेना. कोणी बनवला असेल, किती रात्री कोणाच्या डोक्यावर राहिला असेल, कोण किती घामाघूम झाला असेल, सगळं त्या आतल्या बाजूला होतं आणि संग्रहालयाने ते वर ठेवून दिलं होतं. वस्तू मांडणाऱ्यांमध्ये बसलेल्या उंचीचं एक माणूस जरी असतं, तरी त्या मुकुटाखाली आरसा लागला असता आणि उभ्या पाहुण्यांनाही तो डाग दिसला असता.

रंगपटाची खोली वरच्या मजल्यावर होती. लिफ्ट नव्हती. रखवालदार भला माणूस. म्हणाला, "ताई, तुम्ही थांबा, मी मोबाइलवर फोटो काढून आणतो." आणि त्याने आणले. दिव्यांची चौकट असलेला आरसा, रंगाच्या डब्या, केसांचे टोप. आरशाच्या फोटोत मोबाइल धरलेला तो स्वतः दिसत होता. त्याचे उपकार आहेत. पण ती खोली वर असणार हे ज्या दिवशी ठरलं, त्या दिवशी मला ती कधीच दिसणार नाही हेही ठरून गेलं होतं, आणि ते ठरवणाऱ्या कोणाच्याही ध्यानात आलं नव्हतं.

तळमजल्यावर नकली रंगमंच उभारला होता. पाहुण्यांनी वर जाऊन उभं राहायचं, अंगावर प्रकाशझोत घ्यायचा, फोटो काढायचा. तीनच पायऱ्या होत्या. मी खालून इतरांचे फोटो काढून दिले.

आणखी एक गोष्ट सलली. ५ नोव्हेंबर १८४३ ला सांगलीत विष्णुदास भावे यांनी 'सीता स्वयंवर' केलं, तिथून मराठी नाटकाचा इतिहास भिंतीभर मांडला होता. त्यात आपल्याकडची दंडार नव्हती, खडी गंमत नव्हती, ही आपली लोकनाट्यंच नव्हती, वडशाचं नाव नव्हतं. गडचिरोली, चंद्रपूर, भंडारा, गोंदिया या चार जिल्ह्यांत दिवाळीपासून पुढे महिनोन्‌महिने रात्र रात्र नाटक चालतं, लोक तिकीट काढून बघतात, पाहुणे बोलावतात, लग्नाची बोलणी याच निमित्ताने होतात. सरकारी अनुदानाची वाट न बघता रसिकांच्या पैशावर उभी असलेली एवढी मोठी रंगभूमी, आणि तिला भिंतीवर हातभर जागा नाही. २०२३ मध्ये परशुराम खुणे यांना पद्मश्री मिळाली तेव्हा आपल्या गावांनी मिरवणुका काढल्यागत आनंद केला. पण त्यांच्यासारख्या नटांनी अंगावर घातलेले कपडे, हातात धरलेल्या तलवारी, वापरलेल्या वह्या आज कुठे आहेत? बहुतेकांच्या घरच्या माळ्यावर, उंदरांच्या ताब्यात.

म्हणून संग्रहालय हवं, आणि ते इथेच हवं. पडदे, हस्तपत्रकं, तिकिटांची पुस्तकं, गावोगाव फिरणाऱ्या प्रचारगाडीचा भोंगा, पेट्रोमॅक्स, ऑर्गन, ढोलकी, प्रॉम्प्टरची वही. या शेवटच्या वस्तूसाठी मी हट्ट धरीन. पडद्याआड बसून अख्खं नाटक पुटपुटणारा माणूस कोणाला कधी दिसला नाही. निदान त्याची वही दिसू द्या.

आता त्या इमारतीबद्दल. झाडीपट्टीच्या नाट्यगृहाला मुळात पायरीच नाही, हे तुमच्या कधी लक्षात आलं का? कितीतरी गावांत बांधीतली माती खणून प्रेक्षकांची जागा उतरती करतात आणि निघालेली माती टाकून समोर रंगमंचाचा ओटा भरतात. मागचा वर, पुढचा खाली, सगळ्यांना सारखं दिसतं. आपल्या आजोबांनी कुदळ-फावड्याने जे केलं त्याला आज शहरातले वास्तुविशारद उतार म्हणून लाखो रुपये घेतात. माती दाबून कडक केली, उतार जरा सौम्य ठेवला, की त्याच जागेवर माझी खुर्ची आपोआप पुढच्या रांगेपर्यंत जाते. संग्रहालय बांधताना हीच रचना डोळ्यांसमोर ठेवा. दगडी पायऱ्यांची कमान शहराला शोभते, ती तिथेच राहू द्या. आपलं दालन उतरत्या जमिनीचं असावं, दारापासून रंगमंचापर्यंत एकाही पायरीविना. बघायला येणाऱ्याला झाडीपट्टीचं नाटक कसं बसून बघतात ते आत शिरताच पायांना आणि चाकांना कळेल.

उतार किती सौम्य असावा याचं माप ठरलेलं आहे. एक फूट चढायला बारा फूट लांबी. म्हणजे तीन फुटांच्या ओट्याला छत्तीस फुटांचा रॅम्प, मध्ये दम घ्यायला सपाट जागा, दोन्ही बाजूंना कठडा. ऐकायला फार वाटतं. पण इमारत नसताना छत्तीस फूट म्हणजे चुन्याने मारलेली एक रेघ असते. इमारत झाल्यावर त्याच छत्तीस फुटांसाठी भिंत पाडावी लागते, आणि भिंत कोणी पाडत नाही. मग मागच्या दाराशी चढा रॅम्प येतो. दार ९०० मिलिमीटर मोकळं असावं, म्हणजे साधारण तीन फूट. खुर्ची वळवायला पाच फुटांचा गोल लागतो, तेवढी जागा दोन पेट्यांच्या मध्ये सोडा. पेट्यांच्या खाली गुडघे जातील अशी पोकळी ठेवा, म्हणजे मी बाजूने वाकडी होऊन न बघता समोरून बघेन. पाट्या अशा लावा की मी मान वर न करता वाचीन आणि शाळेतलं पोरही वाचेल.

आणि संडास. बाकी सगळं जमलं आणि हे राहिलं तर माझ्यासारखीला तासाभरात परत फिरावं लागतं. आत खुर्ची वळेल एवढी जागा, बाहेर उघडणारं दार, धरायला दांडा, आणि चालू नळ. कुलूप लावून किल्ली शिपायाकडे, हे नको. हे मी बाई म्हणून जरा जोर देऊन लिहिते. रात्रीच्या प्रयोगांनाही हेच लागू आहे, आणि तिथे तर धडधाकट बायकाही अंधारात बांधीच्या धुऱ्याआड जातात. गावच्या मंडळांनी या एका गोष्टीवर दहा तिकिटांचा पैसा घातला, तर आमच्या घरच्या म्हाताऱ्या पुन्हा नाटकाला येतील.

कायद्याचं बळ आपल्या बाजूने आहे, तेही सांगून ठेवते. दिव्यांग व्यक्तींचे हक्क अधिनियम २०१६ चा, लागू झाला १९ एप्रिल २०१७ ला. त्याच्या कलम ४४ प्रमाणे सुगम्यतेचे, म्हणजे दिव्यांगांना विनाअडथळा वावरता यावं याचे, नियम न पाळणाऱ्या नकाशाला बांधकामाची परवानगीच देता येत नाही. कलम २९ संस्कृती आणि मनोरंजनाबद्दल आहे. दिव्यांग कलावंतांना पाठबळ द्यावं, कला सर्वांच्या आवाक्यात आणावी, दिव्यांगांच्या इतिहासाचं संग्रहालय असावं, असं त्यात चक्क लिहिलेलं आहे. ८ नोव्हेंबर २०२४ ला सर्वोच्च न्यायालयाने राजीव रतुरी प्रकरणात सांगितलं की सुगम्यतेचे निकष नुसत्या शिफारशी राहून चालणार नाहीत, बंधनकारक नियम करावे लागतील. तो निकाल देताना न्यायालयासमोर हैदराबादच्या नालसार विद्यापीठाच्या अपंगत्व अभ्यास केंद्राचा अहवाल होता. प्रत्यक्ष वापरणाऱ्यांना काय अडतं, हे न्यायालयानेसुद्धा विचारून घेतलं. आपण गावात बसून विचारायला काय हरकत आहे?

कोणी म्हणेल, असे येऊन येऊन येणार किती? २०११ च्या जनगणनेत देशात २ कोटी ६८ लाख दिव्यांग मोजले गेले, त्यांतले सुमारे ६९ टक्के खेड्यांत राहणारे. महाराष्ट्रात ही संख्या २९ लाखांच्या वर होती. पण आकडे बाजूला ठेवा आणि तुमच्याच कंपनीतल्या जुन्या माणसांकडे बघा. वीस-वीस हंगाम रात्री जागून, गाडीच्या टपावरच्या सामानासोबत गावोगाव हिंडून, थंडीत उघड्या ओट्यावर नाचून ज्यांचे गुडघे आणि कंबर गेली, ते नट आणि त्या नर्तिका आज साठी-सत्तरीत आहेत. स्वतःचा फोटो भिंतीवर लागला म्हणून त्यांना सत्काराला बोलवाल आणि चार पायऱ्या आडव्या घालाल, तर त्यांना खांद्यावर उचलून न्यावं लागेल. ज्या बाईने हजार प्रेक्षक ताठ मानेने झेलले, तिला कोणी काखेत धरून उचलणं हे मला तरी बघवणार नाही.

मी फक्त बघायला येणाऱ्यांची बाजू मांडते आहे असंही समजू नका. त्या दालनात रंगमंच असेल तर त्याच्या विंगेतूनही खुर्ची वर गेली पाहिजे. दिव्यांग पोरांना ऑर्गन वाजवता येतो, गाता येतं, संहिता लिहिता येतात. आपल्या नाटकात वादक मंडळी रंगमंचासमोर बसतात. तिथवर जाणारी वाट सपाट असली, तर यातलं एखादं पोर उद्या तुमच्याच कंपनीत वाजवायला बसेल आणि हंगामाचे पैसे घरी नेईल. मला माझ्या वयाच्या पंधराव्या वर्षी कोणी विचारलं असतं, तर मी प्रॉम्प्टिंगला बसले असते. वाचन स्वच्छ होतं, पाठांतर होतं, आणि ते काम बसूनच करायचं असतं. पण ओट्यामागे जायला बांबूची शिडी होती.

पैशाचं विचाराल, तर एवढी मोठी इमारत उद्याच उभी राहावी असं मी म्हणत नाही. एखाद्या गावातल्या जुन्या शाळेची मोकळी खोली, समाजभवनाचं एक दालन, इथून सुरुवात होऊ शकते. ग्रामपंचायतींना दिव्यांगांसाठी आपल्या उत्पन्नातून पाच टक्के खर्च करायचा असतो. रॅम्प आणि संडासासाठी त्याबद्दल ग्रामसभेत मंडळांनी तोंड उघडावं. मी आमच्या ग्रामसभेत हा विषय मांडणारच आहे. शासनाकडे प्रस्ताव जाईल तेव्हा तो तुमच्या सह्यांनी जावा, कारण या चार जिल्ह्यांत तुमचा शब्द पुढाऱ्यांपेक्षा जास्त गावांत पोचतो.

तोवर या हंगामात एवढं करा. मंडळाशी तारीख ठरवताना करारात एक ओळ घाला : प्रेक्षकांच्या पुढच्या भागात, कडेने, दोन व्हीलचेअरची जागा मोकळी सोडावी आणि दारापासून तिथवरची वाट दाबून सपाट करावी. सोबत आलेल्या माणसाला शेजारी बसू द्यावं. फुकट पास मागत नाही, तिकीट काढून येऊ.

मंडईचा आठवडा सरला की मी वडशाला येते. तुमची कार्यालयं रस्त्याला लागूनच असतात, पण बहुतेकांना दोन पायऱ्या आहेत, तेव्हा एखाद्या पानठेल्यासमोर बसून बोलू. मापाची फीत, कायद्याची प्रत आणि मी काढलेला कच्चा नकाशा सोबत आणते. बाबांची संवादांची वहीही आणते. तिची दोन पानं वाळवीने खाल्ली आहेत, बाकीची शाबूत आहेत. ती तुमच्या संग्रहालयाला द्यायची माझी तयारी आहे, फक्त ती कोणत्या उंचीवर ठेवायची ते मी सांगेन.

आपली,
झाडीपट्टीची एक जुनी प्रेक्षक
ता. देसाईगंज, जि. गडचिरोली